दोरीपलीकडचा उतार

यंदा बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: पिस्टच्या कडेचा, अजून कुणी न तुडवलेला बर्फ. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ हिमस्खलनाला देते. नव्या वाचकांसाठी एवढंच, की पिस्ट म्हणजे खांब रोवून, यंत्राने बर्फ दाबून राखलेला स्कीचा उतार. खांबांच्या बाहेरचं सगळं ऑफ-पिस्ट. मी बरीच वर्षं स्की पेट्रोलमध्ये, म्हणजे उतार सुरक्षित राखणाऱ्या आणि अपघातात धावून जाणाऱ्या पथकात होते, आता हिमस्खलनाचे वर्ग घेते.

प्रश्न: ताई, आम्ही नवराबायको पिस्ट सोडत नाही. सतरा वर्षांचा मुलगा मात्र दोन पिस्टच्या मधल्या पट्ट्यात शिरतो. ‘खांब इथून दिसतोय, हाक मारली तर ऐकू येईल,’ असं त्याचं म्हणणं. इतक्या जवळ खरंच धोका असतो का?

असतो. बर्फ सुटणार की नाही, हे खांब किती लांब आहे यावर ठरत नाही. ते उताराच्या कोनावर, बर्फाच्या थरांवर आणि डोक्यावर काय साचलंय त्यावर ठरतं.

पिस्ट सुरक्षित कशाने होते ते आधी पाहा. मोठा बर्फ पडून गेला की पेट्रोलची माणसं लिफ्ट सुरू व्हायच्या आधी, बरेचदा अंधारातच, वर जातात. ज्या उतारांवरून बर्फ सुटून पिस्टपर्यंत पोचू शकतो, तिथे स्फोटकं लावून तो आधीच खाली आणतात. शिवाय यंत्र रात्री पिस्ट दाबतं. सारख्या दाबण्याने थर एकमेकांत मिसळतात आणि मधला कच्चा थर टिकत नाही. तुमच्या मुलाच्या पट्ट्याच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नसतं. युरोपात साधारणपणे फक्त खुणा केलेली पिस्ट राखली जाते. मधली जागा नकाशावर स्की क्षेत्राच्या आत दिसली, तरी तिथे आपली जबाबदारी आपणच घ्यायची. उत्तर अमेरिकेत हद्दीच्या आतले खुले उतार पेट्रोल सांभाळतं आणि हद्दीबाहेर कुणीच नाही. एकीकडची सवय घेऊन दुसरीकडे गेलेली चांगली चांगली माणसं इथे फसतात.

आता थरांबद्दल. हिवाळ्याच्या सुरुवातीला जमिनीवर पातळसा बर्फ असतो आणि पाठोपाठ निरभ्र, कडाक्याच्या रात्री येतात. तळाचा बर्फ जमिनीच्या उबेने शून्य अंशाच्या आसपास राहतो, वरचा मात्र उणे पंधरा-वीसपर्यंत उतरतो. एवढ्या फरकामुळे बर्फातली वाफ तळाकडून वर सरकत राहते आणि वाटेतले कण वाढून टोकदार, सुटे होतात. मुठीत घ्या, जाड साखरेसारखे बोटांतून गळतात. त्यांचा गोळा वळत नाही. यावर नवा बर्फ पडला आणि वाऱ्याने तो आवळला, की वरती एक सलग, घट्ट थर तयार होतो. त्याला स्लॅब म्हणतात. स्कीवाल्याच्या वजनाने खालचे सुटे कण एका जागी चिरडले जातात, तडा त्याच कच्च्या थरातून क्षणात दूरवर धावतो आणि अख्खा स्लॅब निसटतो. तुटल्याची रेघ बहुतेक वेळा पायाशी नसतेच. ती वर असते आणि आपण सुटलेल्या तुकड्याच्या मधोमध उभे असतो. त्यातून बाहेर पडायला जागा राहत नाही. माणसं सापडतात अशा हिमस्खलनांत बर्फ बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या किंवा त्यांच्या सोबत्याच्या वजनाने सुटलेला असतो, हेही मुलाला सांगा.

स्लॅब सुटतात ते मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. तरुण स्कीवाल्यांना नेमके हेच उतार हवे असतात. पट्टा छोटा आहे हाही दिलासा नाही. वीस-पंचवीस मीटरचा उतार खाली ओढ्याच्या घळीत किंवा रस्त्याच्या खाचेत संपत असेल, तर सुटलेला थोडा बर्फही तिथे खोल साचतो. माणूस किती खोल पुरला जातो हे खालची जागा ठरवते.

मुलाला नुसतं ‘जाऊ नकोस’ म्हणू नका. फोनमध्ये कोन मोजायचं ॲप असतं. काठी उतारावर आडवी टाकून त्यावर फोन ठेवला की कोन कळतो. पण तो खालच्या सोप्या भागावर किंवा शेजारच्या छोट्या उंचवट्यावर मोजून पाहावा, संशय असलेल्या उताराच्या मध्यावर जाऊन नव्हे. ३० अंशांहून तीव्र भाग रंगवून दाखवणारे नकाशेही मिळतात. उतार ३०च्या आत, वर लटकलेला दुसरा तीव्र उतार नाही आणि खाली घळ नाही, या तीन गोष्टी जिथे जुळतात तो पट्टा त्याला जरूर करू द्या. दुसरी अट लोक हमखास विसरतात. आपण सपाटीवर असलो तरी वरचा उतार सुटून आपल्यापर्यंत येतो. कच्चा थर पसरलेला असेल तर खाली चालणाऱ्या माणसाच्या वजनानेही वरचा स्लॅब सुटू शकतो.

प्रश्न: आम्ही गेलो त्या दिवशी हिमस्खलनाच्या इशाऱ्याच्या बुलेटिनमध्ये धोका ३ होता. पाचापैकी तीन म्हणजे मध्यम. आम्ही ऑफ-पिस्ट दिवसभर मजेत फिरलो, काही झालं नाही. मग एवढा बाऊ कशाला?

काही झालं नाही यावरून उतार सुरक्षित होता असं ठरत नाही. कच्ची जागा त्या दिवशी तुमच्या स्कीखाली आली नाही, एवढंच त्यावरून कळतं. या विषयात अनुभवातून शिकणं अवघड जातं ते याचमुळे. दहा वेळा चुकीचा निर्णय घेतला तरी दहाही वेळा डोंगर शाबासकीच देऊ शकतो.

युरोपात १९९३ पासून एकच पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात: १ कमी, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ जास्त, ५ अतिजास्त. उत्तर अमेरिकेतही पायऱ्या पाचच आहेत. तुम्ही ज्याला मध्यम म्हणताय ती दुसरी पायरी. शिवाय ही पट्टी सरळ चढत नाही. एकेका पायरीला धोका कितीतरी पटींनी वाढतो. स्वित्झर्लंडच्या नोंदी पाहिल्या तर हिवाळ्याच्या साधारण एक तृतीयांश दिवसांना ३चा इशारा असतो, पण हिमस्खलनातले जवळपास निम्मे मृत्यू त्या दिवसांतले आहेत. ४च्या दिवशी वादळ घोंगावत असतं, लिफ्ट बंद असतात, माणूस आपोआप घरात बसतो. ३ येतो तो पुष्कळदा वादळ ओसरल्यावर, निळं आभाळ आणि झळाळता नवा बर्फ घेऊन. त्या दिवशी एकट्या स्कीवाल्याचं वजनही स्लॅब सोडायला पुरतं. आणि २च्या दिवशीही माणसं गेली आहेत, थोडीथोडकी नाहीत.

पण मला तुमच्या पत्रात जास्त खटकलं ते हे, की तुम्ही फक्त आकडा वाचलात. आकड्याखाली लिहिलेलंच खरं कामाचं असतं. धोका कोणत्या उंचीच्या वर आहे, कोणत्या दिशेच्या उतारांवर आहे आणि त्याचं कारण काय, हे तिथे दिलेलं असतं. समजा, २,२०० मीटरच्या वर, उत्तर ते पूर्व उतार, कारण वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ, असं लिहिलंय. म्हणजे वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून वाऱ्याआडच्या बाजूला रचतोय, आणि तासा-दोन तासांत तिथे स्लॅब उभा राहतोय, आभाळातून एक कण न पडताही. अशा वेळी धारेवर पुढे आलेला बर्फाचा छज्जा दिसतो, वाऱ्याने कोरलेल्या लाटा दिसतात. त्या बघून ती बाजू टाळता येते.

कारण ‘जुना बर्फ’ असं लिहिलं असेल तर गोष्ट निराळी. कच्चा थर खोल असतो, वरून त्याची काहीच खूण नसते, आणि तो आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. पाच जण सुखरूप उतरतात, सहावा नेमका बर्फ पातळ असलेल्या जागेवरून जातो आणि उतार सुटतो. अशा काळात मी ३० अंशांच्या वर जातच नाही आणि कुणाला नेतही नाही. काहींना हे फार कडक वाटतं. मला वाटत नाही. वसंतात कारण ‘ओला बर्फ’ असतं. सकाळी घट्ट गोठलेला उतार दुपारी पाणी मुरून सैल होतो, तेव्हा लवकर निघा आणि उन्हं चढायच्या आत उतरून मोकळे व्हा. रात्री ढग असतील तर बर्फ नीट गोठत नाही. मग सकाळचाही भरवसा धरू नका.

प्रश्न: मोठ्याने ओरडल्याने हिमस्खलन होतं, हे खरं का?

नाही. माणसाच्या आवाजाचा दाब त्यासाठी फारच कमी पडतो. मनसोक्त हाका मारा. सोबत्याला सावध करायला संकोचून गप्प राहणंच अंगाशी येतं.

प्रश्न: ताई, मी चोवीस वर्षांची आहे. गटातला एक मित्र खूप अनुभवी, तो म्हणेल तिथे सगळे जातात. उतार बघून माझ्या पोटात गोळा येतो, पण बाकी कुणी काही बोलत नाही म्हणून मीही गप्प बसते. मी घाबरट आहे का?

अजिबात नाहीस, आणि तुझं पत्र मी दोनदा वाचलं. इयान मॅकॅमन या अमेरिकी संशोधकांनी सातशेहून अधिक हिमस्खलन-अपघात तपासले. धोक्याच्या खुणा बहुतेक ठिकाणी समोर होत्या आणि प्रशिक्षण घेतलेली माणसंही त्यांत सापडली होती. त्यांनी कारणं शोधली ती माणसांच्या वागण्यात: उतार ओळखीचा आहे, ठरवलंय तर करायचंच, दुसरे जाताहेत, सगळ्यांआधी नवा बर्फ आपल्याला मिळाला पाहिजे, चारचौघांत कमी दिसायचं नाही, आणि एकाला सगळं कळतं असा बाकीच्यांचा समज. तुझ्या पत्रात यातली निदान तीन आहेत. तुझा मित्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. बाकी सगळे गप्प राहिले म्हणजे त्यांना पटलंय, असंच त्यालाही वाटत असेल.

यावर मला कामी आलेला उपाय म्हणजे निर्णय उतारापाशी घ्यायचाच नाही. सकाळी नकाशा पसरून, बुलेटिन मोठ्याने वाचून, गटाने ठरवायचं: आज कोणते उतार बंद, आणि काय दिसलं तर परत फिरायचं. नियम असा करा की एकाचा नकार पुरेसा. कारण सांगायची सक्ती नाही, मतदान नाही. हे शांतपणे सकाळीच मान्य करून घेतलं की वर ‘नको’ म्हणणं जड जात नाही. तुझा अनुभवी मित्र खरोखर अनुभवी असेल तर त्याला हे आवडेल.

आणि वर बोलताना भीतीबद्दल बोलू नकोस, जे दिसलं ते बोल. कालपासूनचे ताजे सुटलेले उतार समोर आहेत. रात्रीत भरपूर बर्फ पडलाय. धारेवरून बर्फाचा धूर उडतोय. ऊब एकदम वाढली आहे. यातलं एकेक वाक्य ‘मला बरं वाटत नाहीये’पेक्षा जड आहे.

एक खूण मात्र अशी, की तिच्यानंतर चर्चाच संपते. सपाटीवरून चालत असताना पायाखाली ‘धुप्प’ असा खोल, दबका आवाज येतो. आवाज कानांपेक्षा पोटात जास्त जाणवतो. त्याच क्षणी सभोवतालचा बर्फ बोटभर खाली बसतो. मी तर पंधरा-वीस पावलांवर बर्फातून डोकावणाऱ्या झुडपाचा शेंडा हललेला पाहिला आहे, वाऱ्याचा मागमूस नसताना. कधी स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग निघते आणि रेघ ओढल्यासारखी पुढे पळत जाते. कच्चा थर कोसळला आणि तडा पसरला, याचा तो पुरावा. तिथे ३० अंशांचा उतार असता तर तो खाली आला असता. हे ऐकलं की तीव्र उतारांचा त्या दिवसापुरता विषय बंद करायचा, मग कुणी कितीही अनुभवी असो.

जिथे जायचं ठरतं तिथेही एका वेळी एकानेच उतरायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची. थांबायचं ते सोंडेवर किंवा उतारापासून पुरतं बाजूला, मधोमध किंवा उताराच्या पायथ्याशी कधीच नाही. आधीच्या कुणाच्या स्कीच्या रेघा दिसतात म्हणून उतार पक्का समजू नकोस.

प्रश्न: संध्याकाळी बंद झालेल्या पिस्टवरून उतरायला काय हरकत आहे? ती तर राखलेलीच असते.

बंद झाली की ती पिस्ट राहत नाही. वर स्फोटांची तयारी चालू असू शकते. शिवाय तीव्र पिस्ट दाबणारी यंत्रं पोलादी दोराने वर बांधलेली असतात. तो दोर शेकडो मीटर लांब ताणलेला असतो, अंधुक उजेडात दिसत नाही, आणि अचानक उसळतो. त्याने माणसं मेली आहेत. बंद म्हणजे बंद.

प्रश्न: आम्ही चौघे आहोत. माझ्या जॅकेटमध्ये रेको आहे, दोघांकडे ट्रान्सीव्हर आहेत, आणि मी आता एअरबॅगची पाठपिशवी घ्यायच्या विचारात आहे. चौथ्याला एक जुना ट्रान्सीव्हर फुकट मिळतोय. एवढं पुरेल ना?

पुरणार नाही. एअरबॅगचा विचार थोडा बाजूला ठेवा. नव्या वाचकांसाठी: ट्रान्सीव्हर म्हणजे अंगावर बांधायचं छोटं यंत्र, एरवी ते सतत संकेत पाठवतं आणि ‘शोध’वर टाकलं की पुरलेल्याचा संकेत पकडतं.

रेकोची पट्टी स्वतः काहीच पाठवत नाही, ती फक्त लहरी परतवते. तिला शोधायचं यंत्र बचावपथकाकडे असतं, तुमच्या मित्रांकडे नाही. पट्टी असू द्या, पण पथक पोचेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडच्या आकडेवारीनुसार पूर्ण पुरले गेलेल्यांपैकी जे पहिल्या दहा मिनिटांत निघतात त्यांतले दहात नऊ वाचतात. अर्ध्या तासावर हे प्रमाण तिनात एकाच्या आसपास उतरतं. मरण येतं ते मुख्यतः गुदमरून. ही दहा मिनिटं सोबत्यांची आहेत. म्हणून चौघांपैकी प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यातच: ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून पुरलेला माणूस चाचपायची लांब, घडीची काठी) आणि फावडं. ज्याच्याकडे नाहीत तो स्वतः सापडत नाही आणि दुसऱ्याला काढूही शकत नाही.

फुकटचा जुना ट्रान्सीव्हर एका अँटेनाचा असेल तर घेऊ नका. तीन अँटेनांचाच हवा. सगळे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी एकमेकांना सापडतात. तो अंगावर, आतल्या थरावर बांधायचा, पिशवीत नाही. फोन आणि कॅमेरा त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर लांब ठेवा, शोधताना ५०. निघताना एकेकाला पुढे सोडून प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर पाठवतोय ना, हे तपासा. प्रोब किमान २४० सेंटिमीटरचा आणि फावडं धातूचंच. थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की प्लास्टिकचं पातं त्यावर वाकतं.

फावड्याबद्दल थोडं सविस्तर, कारण वर्गात सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो. शोध तीन-चार मिनिटांत लागतो आणि लोकांना वाटतं काम झालं. मीटरभर खोल पुरलेल्या माणसापर्यंत पोचायला निदान अर्धा टन बर्फ हलवावा लागतो. नवखा माणूस प्रोब लागला की तिथेच उभा राहून सरळ खाली खणतो. दोन मिनिटांत तो कमरेइतक्या खड्ड्यात असतो, काढलेला बर्फ परत आत पडतो, आणि तो पुरलेल्याच्या छातीवरच उभा असतो. प्रोब लागला की तो तसाच ठेवायचा. उताराच्या खालच्या बाजूला, जेवढी खोली तेवढं किंवा थोडं जास्त अंतर मागे सरकायचं आणि तिथून आडवं, प्रोबच्या दिशेने खणत जायचं. एक जण पुढे बर्फ कापतो, मागचे दोघे तो वल्ह्यासारखा मागे लोटतात. उचलून फेकायचा नाही. मिनिटाभराने पुढचा बदला, कारण त्याचे हात तेवढ्यातच भरून येतात. हे घरातल्या घरात कळत नाही. पिशवीत ट्रान्सीव्हर घालून ती मीटरभर खोल पुरा आणि घड्याळ लावून काढा. हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि मध्ये एकदा तरी.

एअरबॅगचा उपयोग आहे. फुगलेली पिशवी माणसाचं आकारमान वाढवते, आणि वाहत्या बर्फात मोठ्या वस्तू वर राहतात. २०१४च्या एका अभ्यासात, गंभीरपणे सापडलेल्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण तिच्यामुळे २२ टक्क्यांवरून ११वर आलेलं दिसलं. पण त्याच अभ्यासात पाचातल्या एकाची फुगलीच नाही, मुख्यतः ती फुगवायची मूठ ओढली गेली नाही म्हणून. आणि झाडं, खडक, कडा यांच्यावर आपटण्यापासून ती वाचवत नाही. तिन्ही वस्तू चौघांकडे झाल्या, सराव झाला, मग जरूर घ्या.

आता, खरंच कुणी सापडलं तर. तो शेवटचा दिसला ती जागा डोळ्यांत पक्की धरा. वर पुन्हा काही सुटण्यासारखं आहे का ते बघा, मग उतरा. एकाने हुकूम द्यायचे आणि पेट्रोलला फोन करायचा. मदत आणायला कुणाला खाली पिटाळू नका, तेवढे हात कमी होतात. हुकूम देणाऱ्यासकट सगळ्यांनी ट्रान्सीव्हर ‘शोध’वर टाकायचे. एकाचा जरी ‘पाठव’वर राहिला तरी सगळे त्याच्याकडेच ओढले जातात, हे सरावातसुद्धा पुन्हा पुन्हा होतं. शेवटचे काही मीटर यंत्र बर्फाला टेकवून हळू फिरवा, अंतराचा सर्वांत कमी आकडा येईल तिथून २५-२५ सेंटिमीटरवर गोलाकार प्रोब घाला. डोकं लागलं की आधी तोंड आणि नाक मोकळं करा, मग छाती; बाकीचं शरीर नंतर. श्वास नसेल तर लगेच कृत्रिम श्वास सुरू करा, पूर्ण बाहेर काढेपर्यंत थांबू नका. आणि तो बाहेर आला की सगळ्यांचे ट्रान्सीव्हर परत ‘पाठव’वर आणा, त्याचासुद्धा.